जुन्या फोनवर लिनक्स टाकताना काकांचा फोन वेगळा, बागेचा वेगळा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घर नाशिकच्या इंदिरानगरला, वडिलांची द्राक्षबाग निफाडच्या बाजूला. घरात दोन जुने फोन पडून आहेत: कोपऱ्यात काच तडकलेला रेडमी नोट ४ आणि धडधाकट रेडमी नोट ७. नोट ७ वर उबंटू टच (अँड्रॉइडऐवजी चालणारी लिनक्सची एक खुली प्रणाली) टाकून तो वडिलांना रोजच्या वापराला द्यायचा आणि नोट ४ वर कुठलंतरी लिनक्स टाकून बागेतल्या तापमानाची, आर्द्रतेची नोंद ठेवायची, असं तुमच्या मनात आहे. घरात सगळी सिम जिओची, लॅपटॉप विंडोजचा, आणि फ्लॅशिंग, म्हणजे फोनमधली मूळ प्रणाली काढून दुसरी टाकणं, कधी केलेलं नाही.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मशीनच्या कंट्रोल बोर्डांचं काम करतो. जुन्या फोनांवर लिनक्स चालवण्याचा नाद २०१७ पासूनचा, म्हणजे जुन्या फोनांसाठीची पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणाली जाहीर झाली त्या वर्षापासूनचा. त्या अनुभवावरून सांगतो की बागेची कल्पना उत्तम आहे, ती नक्की करा. काकांना, म्हणजे तुमच्या वडिलांना, उबंटू टचचा फोन देण्याची कल्पना मात्र सोडून द्या. दोन्हींची कारणं सविस्तर लिहितो.

आधी काकांचा फोन. जिओचं जाळं सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं तेच फक्त ४जी वर. खाली २जी नाही, ३जी नाही. त्यामुळे जिओवरचा प्रत्येक कॉल व्हीओएलटीई, म्हणजे ४जी च्या डेटावरूनच बोलणं नेणाऱ्या पद्धतीनेच जातो. अँड्रॉइडमध्ये हे काम फोन बनवणाऱ्या कंपनीने बसवलेलं, बंदिस्त सॉफ्टवेअर करतं. तेच सॉफ्टवेअर पर्यायी लिनक्सवर बहुतेक जुन्या फोनांत उपलब्ध नसतं किंवा अर्धवट चालतं. परिणाम असा होतो की जिओचं सिम घातल्यावर इंटरनेट व्यवस्थित मिळतं, पण कॉल लागत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम असेल तर कॉलच्या वेळी फोन २जी वर उतरतो आणि बोलणं होतं. पण तुमच्या घरी सगळं जिओ. आणि शेतात एकट्या असलेल्या माणसाच्या हातातल्या फोनवरून अडचणीच्या वेळी ११२ लागेल की नाही याची खात्री नसेल, तर तो फोन मी कुणालाच देणार नाही.

दुसरं कारण यूपीआय. यूपीआयचं कुठलंही ॲप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधून एसएमएस पाठवून सिम आणि फोनची गाठ बांधतं, शिवाय फोनचं मूळ सॉफ्टवेअर शाबूत आहे का ते तपासतं. उबंटू टचमध्ये वेड्रॉइड नावाच्या सोयीने अँड्रॉइडची ॲप उघडता येतात, पण बँकेची आणि पैशांची ॲप तिथे चालतील असं धरून चालूच नका. पिंपळगावच्या बाजारात माल विकून आलेला माणूस खत-औषधाच्या दुकानात पैसे देताना अडला, तर त्याला लिनक्सचं कौतुक राहणार नाही. व्हॉट्सॲप ब्राउझरमधून चालतं, पण त्यासाठी मूळ खातं दुसऱ्या एका फोनवर जिवंत असावं लागतं. काकांचा चालू फोन मंद झाला असेल तर त्यातला कचरा काढा, फॅक्टरी रीसेट करा, गरज पडल्यास नवी बॅटरी टाका. तेवढ्याने बहुतेक फोन आणखी दोन वर्षं नीट चालतात.

आता मूळ मुद्दा. पहिल्यांदा हे करणारे सगळे विचारतात, "कुठली ओएस चांगली?" खरं तर निवड ओएसची, म्हणजे प्रणालीची, नसते, ती फोनच्या मॉडेलने केव्हाच केलेली असते. कशी, ते समजून घेतलंत तर पुढे कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा असतो. पण तो कंपनीने त्या फोनच्या चिपसाठी कापून-जोडून घेतलेला असतो आणि तिथेच थिजतो. नोट ४ कंपनीतून आला तो ३.१८ या कर्नलवर, आणि मूळ लिनक्सचा ३.१८ निघाला होता डिसेंबर २०१४ मध्ये. फोन भारतात आला जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे खोक्यातून काढला तेव्हाच त्याचा पाया दोन वर्षं जुना होता. जुन्या फोनवर वेगळं लिनक्स आणायचं तर दोनच मार्ग उरतात.

आपल्याकडे पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाडे पाडून घरं बांधतात, तेव्हा काही जण जुनं दगडी जोतं तसंच ठेवून त्यावर नवं घर उभं करतात. उबंटू टचचं बहुतेक फोनांवर हेच आहे. खालचा अँड्रॉइडचा कर्नल आणि कंपनीचे ड्रायव्हर (फोनचा एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) तसेच राहतात, आणि मधे हॅलियम नावाचा थर बसवून वर लिनक्सचा संसार मांडतात. फायदा हा की कॅमेरा, आवाज, ब्लूटूथ, जीपीएस यांतलं बरंचसं पहिल्या दिवसापासून चालतं. तोटा हा की जोत्याला भेग असेल तर ती भेगही वारशाने येते. कर्नलमधल्या जुन्या सुरक्षा त्रुटी बुजवायला कुणी राहिलेलं नसतं.

दुसरा मार्ग पाया खणून नव्याने भरण्याचा. मूळ लिनक्समध्येच त्या चिपसाठी ड्रायव्हर लिहायचे आणि फोनला साध्या संगणकासारखं वागवायचं. पोस्टमार्केटओएसचा ओढा याच बाजूला आहे. अल्पाइन लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली फोन दहा वर्षं वापरता यावा हे ध्येय ठेवून सुरू झाली. इथे कर्नल आजचा मिळतो, सुरक्षा सुधारणा मिळत राहतात. पण एकेक ड्रायव्हर स्वयंसेवकांनी हाताने लिहिलेला असतो, त्यामुळे कॅमेऱ्यासारखी गोष्ट अनेक फोनांत वर्षानुवर्षं बंदच असते.

म्हणून फोन हातात घेतला की आधी त्याचं सांकेतिक नाव शोधायचं. रेडमी नोट ४ म्हणजे 'मिडो', नोट ७ म्हणजे 'लॅव्हेंडर'. मग त्या त्या प्रकल्पाच्या विकीवर त्या नावाचं पान उघडायचं. तिथे काय चालतं, काय अर्धवट आणि काय बंद, याचा तक्ता असतो. तो तक्ता आपल्या कामाच्या नजरेने वाचायचा. बागेच्या फोनसाठी मी कॅमेऱ्याच्या ओळीकडे बघतही नाही. मी आधी चार्जिंग बघतो, मग वायफाय, मग मोबाइल नेटवर्क सांभाळणारा मोडेम. चार्जिंगचा ड्रायव्हर कच्चा असेल तर चोवीस तास चालवायला तो फोन निकामी, बाकी सगळं हिरवंगार असलं तरी.

मिडोमध्ये स्नॅपड्रॅगन ६२५ आहे. ही चिप त्या काळात इतक्या फोनांत आली की तिच्यावर स्वयंसेवकांनी मूळ लिनक्समध्ये पुष्कळ मेहनत घेतली आहे. म्हणून नोट ४ ला पोस्टमार्केटओएस शोभतं. लॅव्हेंडरमध्ये स्नॅपड्रॅगन ६६० आहे आणि त्याच्यासाठी उबंटू टचची बांधणी आहे. तुमची जोडणी बरोबर होती, फक्त दुसरा फोन कुणाच्या हातात द्यायचा ते चुकलं होतं. नोट ७ तुम्ही स्वतः घ्या, शिकायला.

आता बाग, आणि इथे मी तुम्हाला थोडं थांबवणार आहे. गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची) झाली असेल किंवा होणार असेल, तर या हंगामात नोट ४ फ्लॅश करू नका. डाऊनी रोगाचे आणि थंडीचे दिवस तोंडावर असताना ज्या यंत्रावर भरवसा ठेवायचा, त्याच्यावर प्रयोग नको. काढणी होऊन माल गेला आणि एप्रिलच्या खरड छाटणीची वेळ आली, की मग फ्लॅशिंगला भरपूर निवांतपणा असतो. तोपर्यंत त्याच फोनवर, त्याच्याच अँड्रॉइडवर टर्मक्स टाका. टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडच्या आत चालणारं लिनक्सचं टर्मिनल. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कुलूपबंद प्रोग्रॅम, उघडायचा नाही, काही पुसायचं नाही, आणि जिओचं सिमही पूर्वीसारखंच चालतं. ते एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या भांडारातून घ्या. सोबत टर्मक्स एपीआय आणि टर्मक्स बूट ही दोन जोड-ॲपही तिथूनच घ्या, कारण तिन्हींची डिजिटल सही एकाच ठिकाणची नसेल तर ती एकमेकांशी बोलत नाहीत.

मांडणी मी अशी करतो. सेन्सर फोनला वायरने जोडायचा मोह टाळायचा. नोट ४ ला मायक्रो यूएसबी आहे, आणि अशा फोनांत ओटीजीवर, म्हणजे फोनच्या यूएसबीलाच, काही जोडलं की बहुधा त्याच वेळी चार्जिंग होत नाही. चोवीस तासांच्या कामाला ते बाद. त्याऐवजी ईएसपी३२ चा वायफाय असलेला छोटा बोर्ड घ्या, त्याला एसएचटी३१ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर लावा. डीएचटी२२ हा दुसरा सेन्सर स्वस्त पडतो, पण सतत दमट हवेत राहिला की त्याचा आर्द्रतेचा आकडा हळूहळू सरकतो, आणि तुम्हाला नेमका दमट रात्रींचाच आकडा खरा हवा आहे. फोनवर हॉटस्पॉट चालू करा. ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतो, हे लक्षात ठेवा. नोट ४ च्या जुन्या अँड्रॉइडवर हॉटस्पॉट देणाऱ्या फोनचा पत्ता १९२.१६८.४३.१ हा ठरलेला असतो. बोर्ड दर दहा मिनिटांनी जागा होतो, त्या पत्त्यावर आकडा पाठवतो आणि पुन्हा झोपतो.

फोनवर टर्मक्समध्ये मॉस्क्विटो बसवा. तो आकडे स्वीकारतो, आणि पायथनची वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट ते एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहिते. इथे हमखास सगळे अडकतात ती जागा आधीच सांगतो. मॉस्क्विटोच्या २.० आवृत्तीपासून तो मुळात फक्त त्याच यंत्रावरून आलेलं बोलणं ऐकतो. बाहेरच्या बोर्डाने पाठवलेलं ऐकायचं तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट आणि पासवर्ड या ओळी स्वतः लिहाव्या लागतात. बोर्ड बिघडला असं वाटून माणसं दोन-दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसतात, आणि दोष या ओळींचा असतो.

टर्मक्सला फोनने मधेच मारू नये म्हणून बॅटरीची बचत त्याच्यापुरती बंद करा, ऑटोस्टार्टची परवानगी द्या, आणि टर्मक्सच्या सूचनेतून वेकलॉक (फोनला झोपू न देणारी सोय) चालू ठेवा. हे तिन्ही केलंत तरच तो रात्रभर टिकतो.

सेन्सर कुठे लावायचा यावर बाकी सगळ्यापेक्षा जास्त विचार करा. शेडच्या पत्र्याखाली लावलेला सेन्सर शेडचं तापमान सांगतो, वेलींचं नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक, मधे बोटभर फट ठेवून, लांब बोल्टने जोडा आणि सेन्सर त्यांच्या आत ठेवा. ऊन लागत नाही, वारा लागतो. तो मांडवावर, घडांच्या उंचीला टांगा. दुसरा बोर्ड घेणार असाल तर तो बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात. थंड हवा जड असते, ती रात्री उताराकडे जाऊन साचते, आणि मणी तडकायला तिथूनच सुरुवात होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला निफाडचा पारा पेपरात येतो तो दुसऱ्या दिवशी. तुमच्या सखल कोपऱ्यातला पारा तुम्हाला त्याच रात्री हवा आहे, कारण शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक चालू करायचं ते पहाटेच्या आत.

म्हणून स्क्रिप्टमध्ये एक अट घाला: तापमान ६ अंशांच्या खाली उतरलं की काकांच्या नंबरवर एसएमएस, आणि पुन्हा दोन तास गप्प. टर्मक्स एपीआयमध्ये एसएमएस पाठवायची आज्ञा आहे. दुसरी अट आर्द्रतेची. रात्री आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर सलग चार तास राहिली तर सकाळी सात वाजता एक ओळ. डाऊनीला अशाच रात्री मोकळं रान मिळतं. फवारणी करायची की नाही ते काकाच ठरवतील, त्यांचा अनुभव या आकड्यांपेक्षा मोठा आहे. पण दव किती तास टिकलं हे झोपलेल्या माणसाला कळत नाही, आणि तेवढीच उणीव हा फोन भरून काढतो. माझ्या ओळखीच्या दिंडोरीकडच्या एका बागायतदारांकडे अशी मांडणी तीन हंगाम चालली. शेवटी बिघडला तो बोर्ड, फोन नव्हे.

बॅटरीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. लिथियमची बॅटरी शंभर टक्के भरून, चार्जरला कायमची टांगून, उन्हाळ्यात ठेवली की आतून वायू धरायला लागते. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. माझ्याच कामाच्या जागी, माळ्यावर ठेवलेल्या एका फोनची बॅटरी एका उन्हाळ्यात इतकी फुगली की पडदा चौकटीतून उचकटला. मी तो दोन महिने पाहिलाच नव्हता. आग लागली नाही, पण लागू शकली असती. त्यानंतर मी नियम केला: चोवीस तास चालणारा प्रत्येक फोन आठवड्यातून एकदा हातात घेऊन बघायचा.

उपाय साधा आहे. शेडमध्ये चोवीस तास सिंगल फेज असेल तर चार्जर टायमरच्या सॉकेटवर लावा, दिवसातून दोनदा दीड-दीड तास. टायमर आत स्वतःची बॅटरी असलेला डिजिटल घ्या. फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि चार दिवसांत दुपारच्या ऐवजी मध्यरात्री चार्जिंग करायला लागतो. वीज थ्री फेजच्या पाळीवरच येत असेल, कधी दिवसा कधी रात्री, तर टायमरची गरज नाही, ती पाळीच टायमरचं काम करते. फोन ३० ते ८० टक्क्यांत झुलत राहिला तर बॅटरी कितीतरी जास्त टिकते. फोन पत्र्याला चिकटवू नका, बंद डब्यात ठेवू नका, औषधांच्या बाटल्यांपासून आणि कोरड्या चाऱ्यापासून लांब, विटेच्या भिंतीवर सावलीत ठेवा. आणि फुगलेली बॅटरी कधीही घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथे ती पेटते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

आता काढणीनंतरचं, म्हणजे नोट ४ वर पोस्टमार्केटओएस टाकण्याचं. पहिली पायरी बूटलोडर उघडण्याची. त्यासाठी शाओमीचं खातं लागतं, फोनमध्ये चालू सिम लागतं, डेव्हलपर पर्यायांत जाऊन मोबाइल डेटावर खातं फोनशी जोडावं लागतं, आणि मग विंडोजवरचं त्यांचं साधन साधारण १६८ तास, म्हणजे सात दिवस थांबायला सांगतं. ते थांबणं टाळता येतं असं सांगणाऱ्यांकडे जाऊ नका. उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून बागेच्या नोंदींची एसक्यूलाइट फाइल आधी लॅपटॉपवर घ्या. एका हंगामाच्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत.

दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. बूटलोडर उघडल्यावर, काहीही लिहिण्याआधी, टीडब्ल्यूआरपी हे रिकव्हरीचं साधन तात्पुरतं बूट करून मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी आणि पर्सिस्ट ही फोनच्या साठवणीतली चार विभाजनं लॅपटॉपवर उतरवून घ्या. दोन ठिकाणी ठेवा. फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) आणि रेडिओची जुळणी त्यांच्यात असते. ती गेली की फोनला नेटवर्क दिसत नाही. मग लोक दुकानात जाऊन आयएमईआय लिहून घेतात. आयएमईआयशी छेडछाड हा आपल्याकडे गुन्हा आहे. २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आले आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही त्याला शिक्षा आहे. स्वतःच्या फोनची स्वतः घेतलेली प्रत परत टाकणं हाच सरळ रस्ता, आणि त्यासाठी ती प्रत हाताशी असावी लागते.

लॅपटॉपबद्दल. पोस्टमार्केटओएसचं बांधणीचं साधन, पीएमबूटस्ट्रॅप, लिनक्सवर चालतं. विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन करून त्यात ते चालवायला जाऊ नका. फोन रीबूट झाला की यूएसबीची जोडणी मशीनच्या हातून सुटते आणि लिहिणं अर्ध्यात तुटतं. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाकून लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करा, विंडोजला हातही लागत नाही. केबल जाड आणि आखूड घ्या. फास्टबूटला, म्हणजे केबलवरून फोनमध्ये लिहिणाऱ्या साधनाला, फोन दिसत नसेल तर निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टऐवजी जुना यूएसबी २ पोर्ट किंवा साधा हब वापरून बघा. अर्ध्याअधिक तक्रारी तिथेच मिटतात.

मिडोमध्ये आणखी एक थर लागतो, एलके२एनडी. हा दुसरा छोटा बूटलोडर. तो 'बूट' विभाजनात बसतो, फोनमध्ये कुठल्या कंपनीचा पडदा आहे ते ओळखतो आणि कर्नलला कळवतो. नोट ४ मध्ये वेगवेगळे पडदे बसवले गेले होते, त्यामुळे हा थर नसेल तर काळ्या पडद्यापुढे बसावं लागतं. एलके२एनडी बसला की फोन चालू करताना थरथरल्याबरोबर आवाज कमी करायचं बटण दाबून धरा, त्याचा स्वतःचा फास्टबूट उघडतो. तिथून तयार इमेज 'युजरडेटा' विभाजनात लिहायची. पीएमबूटस्ट्रॅप प्रश्न विचारत नेतो, त्यात दिसण्याचा पर्याय विचारला की फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल हे सजवलेले पडदे न निवडता नुसतं कन्सोल, म्हणजे अक्षरांचा पडदा निवडा. शेडमधल्या फोनला सुंदर पडदा कशाला? मेमरी वाचते आणि फोन थंड राहतो.

पहिल्यांदा सुरू झाला की केबल लॅपटॉपलाच ठेवा. यूएसबीवरच नेटवर्क उभं राहतं आणि फोन १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएचने, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याच्या पद्धतीने, सापडतो. बांधणी स्वतः केलीत तर पासवर्ड तुम्हीच दिलेला असतो. तयार इमेज उतरवलीत तर तो १४७१४७ असतो आणि जगाला माहीत असतो, म्हणून वायफायला जोडण्याआधी तो बदला. अल्पाइनमध्ये मॉस्क्विटो, पायथन, फाइल जुळवणारं सिंकथिंग सगळं आज्ञेसरशी मिळतं. एक मर्यादा माहीत असू द्या: अल्पाइनचा पाया मसल या लायब्ररीचा आहे, बहुतेक लिनक्स वापरतात त्या ग्लिबसीचा नाही. त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला कुठलाही तयार लिनक्स प्रोग्रॅम तिथे चालेलच असं नाही. अल्पाइनच्या भांडारात आहे तेच घ्या. पडद्यावर मराठी वाचायचं असेल तेव्हा नोटोचा देवनागरी फॉन्ट वेगळा बसवावा लागतो, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

एसएमएसचा इशारा लिनक्सवर मोडेममॅनेजर हा प्रोग्रॅम पाठवतो. जिओची वर सांगितलेली अडचण इथेही येऊ शकते, म्हणून त्यासाठी एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी तुमच्या बागेत ज्याची रेंज चांगली त्याचं एक साधं सिम घ्या. आणि लिनक्सचा फोन लगेच शेडमध्ये नेऊ नका. पावसाळाभर इंदिरानगरला घरी चालवून बघा. तो मधेच बंद पडतो का, वीज गेल्यावर वायफायला परत जोडला जातो का, चार्जिंगचा आकडा खरा दाखवतो का. गोडी छाटणीपर्यंत खात्री पटली तर बागेत न्या, नाहीतर टर्मक्सची मांडणी आहेच. अँड्रॉइड परत टाकता यावं म्हणून मिडोचं मूळ फास्टबूट रॉम, म्हणजे कंपनीचं अँड्रॉइड, आजच उतरवून ठेवा.

नोट ७ बद्दल फार लिहीत नाही, कारण उबंटू टच सांभाळणाऱ्या यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या गटाचं इन्स्टॉलर विंडोजवरही चालतं आणि बटणं दाखवत पुढे नेतं. उबंटू टच कॅनॉनिकल या मूळ कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये सोडल्यावर याच स्वयंसेवकांनी ते उचललं आणि आजवर चालू ठेवलं. एकच काळजी घ्या. वरती जोत्याचं सांगितलं तसं, उबंटू टचला खाली ठरावीक अँड्रॉइडच लागतं, आणि ते कुठलं हे लॅव्हेंडरच्या पानावर लिहिलेलं असतं. ते तुमच्या फोनमधल्यापेक्षा जुनं असेल तर आधी अँटी-रोलबॅकचा (जुनं सॉफ्टवेअर टाकू न देणाऱ्या सोयीचा) आकडा तपासा. २०१८ पासून शाओमीच्या फोनांत ही सोय आहे, आणि कमी आकड्याचं सॉफ्टवेअर जबरदस्तीने लिहिलं तर फोन कायमचा झोपू शकतो.

पुढे कधी मुद्दाम लिनक्ससाठीच जुना फोन घ्यायचा झाला तर २०१८ चे पोको एफ१ किंवा वनप्लस ६ बघा. दोन्हींत स्नॅपड्रॅगन ८४५ आहे आणि मूळ लिनक्समध्ये या चिपवर फार चांगलं काम झालं आहे. पोको एफ१ मध्ये दोन कंपन्यांचे पडदे येतात, टियानमा आणि ईबीबीजी, आणि दोघांसाठी इमेज वेगळी. एमजी रोडवर किंवा कुठेही जुना फोन घेताना पैसे देण्याआधी KYM ही अक्षरं, मग जागा सोडून फोनचा आयएमईआय असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळतं.

आज संध्याकाळी मात्र एकच गोष्ट करा. नोट ४ बंद करून, काच खाली ठेवून, सपाट फरशीवर ठेवा आणि चारही कोपरे बोटाने हलके दाबा. डुगडुगला, किंवा पडद्याच्या कडेला फट दिसली, तर तो चार्जिंगला लावू नका. आधी बॅटरी बदलून घ्या, मग टर्मक्स.